पन्नास घोडे की एकशे तीस?

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची पोरगी. शाळेत मराठीचे आठवड्याला चार पिरियड असायचे आणि त्यातले दोन बहुतेक वेळा गणिताला जायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाने घ्यावी, विषयाची मी घेते. मराठी विभागाच्या संपादकांनी 'काहीही लिही, पण मराठीत लिही' असा हुकूम सोडला तेव्हा मला एकच गोष्ट सुचली. गेल्या दोन सुट्ट्यांत मी सर्वांत जास्त मराठी (आणि तेही अस्सल कोल्हापुरी!) जिथे बोलले, ती जागा म्हणजे एक गॅरेज. तर हा लेख गाडीवर आहे. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी पान उलटलं तरी चालेल, पुढे कविता आहेत.

आमच्या मेकॅनिकलच्या कुठल्याही रूमवर जा. भिंतीवर एकतर टाइमटेबल असतं (बहुधा मागच्या सेमिस्टरचं), नाहीतर मस्टँग. पण मसल कार म्हणजे नक्की काय, असं व्हायव्हाला विचारलं तर निम्मे जण ततपप करतील. उत्तर सोपं आहे. एक मध्यम आकाराची, साधी, परवडणारी गाडी घ्यायची आणि तिच्या बॉनेटखाली मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन कोंबायचं. १९६४ मध्ये पॉन्टिॲक कंपनीने आपल्या टेंपेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवून 'जीटीओ' काढली. मसल कारची खरी लाट तिथून सुरू झाली असं मानतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. पुढची काही वर्षं अमेरिकेतल्या पोरांनी सिग्नलला सिग्नलला टायर जाळून घेतले. मग धुराचे नियम आले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि सगळे घोडे तबेल्यात गेले.

म्हणजे बघा, मसल कारचा जन्मच मुळी इंजिन बदलण्यातून झाला! त्यामुळे आज अमेरिकेत कुणी १९६८-६९ ची गाडी शेडमधून बाहेर काढतो आणि तिच्यात नवं इंजिन टाकतो, तेव्हा तो परंपरा मोडतो की पाळतो, हे सांगणं अवघड आहे. या प्रकाराला तिकडे 'रेस्टोमॉड' म्हणतात. वरून जुनी, आतून नवी. यासाठी सर्वांत लाडकं इंजिन म्हणजे जनरल मोटर्सचं 'एलएस'. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ते पहिल्यांदा आलं. ५.७ लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड असल्यामुळे डोकं लहान, आणि म्हणून ते जवळजवळ कुठल्याही बॉनेटखाली मावतं.

इथे एक गंमत सांगते, परीक्षेला येणार नाही पण लक्षात ठेवा. साठच्या दशकातले अमेरिकन हॉर्सपॉवरचे आकडे 'ग्रॉस' असायचे. इंजिन टेस्ट बेंचवर ठेवायचं, त्याचा फॅन काढायचा, अल्टरनेटर काढायचा, सायलेन्सर काढायचा आणि मग मोजायचं. म्हणजे वजन करताना चप्पल, बेल्ट, पाकीट सगळं काढून काट्यावर उभं राहण्यासारखं. १९७२ पासून सगळं लावून 'नेट' मोजायला लागले आणि कागदावरचे कितीतरी घोडे एका रात्रीत गायब झाले! तेव्हा पोस्टरवरच्या आकड्यांवर फार भाळू नये.

आता तुम्ही म्हणाल, हिचा अमेरिकेशी काय संबंध? हिच्याकडे तर पासपोर्टसुद्धा नाही. संबंध असा की, ज्या गाडीला आपल्याकडे हौशी लोक कौतुकाने 'भारताची मसल कार' म्हणतात, ती आमच्या कोल्हापूरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये २०११ पासून उभी होती. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा.

काँटेसा १९८४ मध्ये आली. तिचा साचा मूळचा इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या गाडीचा, जी तिकडे १९७८ मध्ये बंद झाली होती. लांबलचक बॉनेट, रुंद छाती, मागच्या चाकांना ताकद. ॲम्बॅसडर आणि पद्मिनीच्या त्या जमान्यात ती रस्त्यावर आली की लोक वळून बघत. पुढारी, कारखानदार आणि हिंदी सिनेमातले व्हिलन यांची ती आवडती गाडी. पण बॉनेट उघडलं की आत काय? ॲम्बॅसडरचंच १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन, हॉर्सपॉवर जेमतेम ५०! आमच्या कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर अंगापिंडानं हिंदकेसरी, पण खुराक कारकुनाचा.

आमची गाडी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९८७ मध्ये नवीकोरी घेतली. नंबर अजून जुन्या पद्धतीचा आहे, 'एमएच' सुरू होण्याआधीचा. आबांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांना लागणारे पार्ट ते टर्निंग करून द्यायचे. शाळा सातवीपर्यंत, पण मायक्रोमीटर असा वाचायचे की आमचे मेट्रॉलॉजीचे सरही मान डोलावतील. धंदा बरा चालला तेव्हा त्यांनी ही एकच चैन केली. बाबा आणि काका याच गाडीतून शाळेला गेले, आई याच गाडीतून लग्न होऊन घरी आली आणि मी जन्मले तेव्हा दवाखान्यातून याच गाडीतून आले, असं मला सांगितलं जातं. पुढे वर्कशॉप बंद झालं, घरात मारुती आली आणि काँटेसा शेडमध्ये गेली. तिच्यावर आधी कव्हर पडलं, मग कव्हरवर वाळवणं पडली.

२०२४ च्या दिवाळीत प्रश्न उभा राहिला. शेड पाडून तिथे दोन खोल्या काढायचं ठरलं. मग गाडीचं काय? घरात तीन पक्ष पडले. बाबा म्हणाले, "भंगारवाला चाळीस हजार देतोय, उद्या तेवढेही देणार नाही." काका म्हणाले, "भंगारात कसली देताय? इनोव्हाचं पेट्रोल इंजिन टाकू. एकशे तीस घोडे! पन्हाळा टॉप गिअरमध्ये चढेल." आबा काहीच म्हणाले नाहीत. ते अडकित्त्याने सुपारी कातरत बसले. आमच्या घरात आबा सुपारी बारीक कातरायला लागले की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

शेवटी बाबा माझ्याकडे वळले. "तू मेकॅनिकलला आहेस ना? एवढी फी भरतोय. बघून सांग काय करायचं ते. कागदावर लिहून दे." अशा रीतीने माझ्या आयुष्यातला पहिला खरा प्रोजेक्ट मला मिळाला. त्याला गाइड नव्हते, ग्रुप नव्हता आणि सिनियरची जुनी फाइलही नव्हती!

गाडी टो करून उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. वय साठीच्या पुढे, आबांना 'मालक' म्हणणारे. मी त्यांना मामा म्हणते. पहिल्या दिवशी काकांचा बेत ऐकून ते एवढंच म्हणाले, "इंजान बसवायला दोन दिस, पोरी. ते चालवायला सहा म्हैने. आन् नवं इंजान आलंय हे बाकीच्या गाडीला पटवायला वरीस."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि पुढचे पंधरा दिवस त्याचा अर्थ मोजत बसले.

काकांची निवड चुकीची नव्हती, हे आधी सांगायला हवं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि ताकद पुढच्या चाकांना जाते. तसलं इंजिन काँटेसाच्या काही कामाचं नाही. इनोव्हात मात्र ते उभं, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि ताकद प्रोपेलर शाफ्टने मागे जाते, अगदी काँटेसासारखी. इंजिन १९९८ सीसीचं, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट, सुमारे १३० हॉर्सपॉवर. जुन्या मार्केटमध्ये गिअरबॉक्ससकट मिळतं. काकांनी डोकं चालवलं होतं, यात शंका नाही.

पण जमत नव्हतं ते पुढचं. एकेक सांगते.

पहिला प्रश्न टॉर्कचा. जुन्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क साधारण १०० न्यूटन-मीटर, नव्याचा साधारण १८०. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. पहिल्या गिअरमध्ये हा टॉर्क आणखी तीन-चार पट होऊन प्रोपेलर शाफ्टवर येतो आणि पुढे डिफरन्शियलच्या दातांवर पडतो. ते दात, तो शाफ्ट, ते क्रॉस हे सगळं १०० च्या हिशोबाने बनलेलं. मग प्रोपेलर शाफ्ट नवा करायचा, लांबी बदलली म्हणून बॅलन्सिंग करायचं आणि मागचा ॲक्सलही बदलायचा.

दुसरा ब्रेकचा. हे तर अकरावीचं फिजिक्स आहे. गाडीचं वजन १२०० किलो धरलं, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे १६७ किलोज्यूल. ताशी १०० ला ती होते सुमारे ४६३. वेग दीडपटीपेक्षा थोडा जास्त, पण ब्रेकला गिळायची उष्णता पावणेतीन पट! हाफ एमव्ही स्क्वेअर आपण सगळेच पाठ करतो, पण त्यातला स्क्वेअर घाटातून खाली उतरताना कळतो.

तिसरा प्रश्न रेडिएटरचा. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यातून बाहेर टाकावा लागतो. ५० घोड्यांचा रेडिएटर १३० घोड्यांना पुरत नाही. मोठा बसवायचा तर पुढची पट्टी कापायला हवी. पट्टी कापली की त्या भागाची मजबुती कमी होते, म्हणून तिथे वेल्डिंग करून जोड द्यायचा.

चौथा पेट्रोलचा. जुन्या गाडीला कार्बोरेटर. त्याला पेट्रोल पोचवणारा पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवरच चालतो आणि त्याचं प्रेशर अगदी किरकोळ. इंजेक्शनच्या इंजिनाला टाकीतूनच सुमारे ३ बार प्रेशरने पेट्रोल हवं. म्हणजे इलेक्ट्रिक पंप आला, नवी लाइन आली आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू नये म्हणून टाकीत आडवे पत्रेही आले.

पाचवा प्रश्न वायरिंगचा, आणि याला मिस्त्री मामा खरे घाबरत होते. आमच्या गाडीचं अख्खं वायरिंग मी एका ड्रॉइंग शीटवर काढलं. नव्या इंजिनाचं एकट्याचं तेवढं आहे. क्रँकचा सेन्सर, कॅमचा सेन्सर, थ्रॉटलचा, ऑक्सिजनचा, तापमानाचा. यातला एक जरी रुसला तरी ईसीयू रुसतो. शिवाय नव्या इंजिनाचा ऑइल संप जिथे खाली येतो, तिथेच आमच्या गाडीचा पुढचा क्रॉस-मेंबर. दोघांपैकी एकाने मागे सरकायचं. दोघेही लोखंडी, कोण ऐकणार?

एकत्र कुटुंबात एक खोली बदलली की सगळ्या घराची झोपायची व्यवस्था बदलते ना, तसं हे. गाडीतला प्रत्येक पार्ट शेजारच्या पार्टच्या मापाने बनलेला असतो. एकाला बदललं की शेजारचा ओरडतो, त्याला गप्प केलं की त्याच्या पलीकडचा. अमेरिकेत हे सगळं करतात, नाही असं नाही. तिथे माउंटपासून वायरिंगपर्यंत तयार किट मिळतात, कारण हजारो लोकांनी तेच इंजिन त्याच गाड्यांत आधी बसवलेलं असतं. इथे आम्ही सगळं पहिल्यापासून मोजणार होतो.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हुकमाचा एक्का काढला. "मग कंपनीनेच इंजिन बदललं होतं, ते कसं चाललं?" मुद्दा बिनतोड होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी हिंदुस्तान मोटर्सने स्वतःच ते ५० घोड्यांचं इंजिन काढून इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन काँटेसात बसवलं. ताकद ऐंशीच्या वर गेली आणि गाडीला तिच्या तब्येतीला शोभेल असा खुराक मिळाला. ती काँटेसा क्लासिक. २००२ मध्ये काँटेसा बंद होईपर्यंत लोकांनी नाव काढलं ते याच इंजिनाचं. पण कंपनीने नुसतं इंजिन नाही बदललं, त्याबरोबर पाच गिअरचा गिअरबॉक्स दिला, गाडी पुन्हा तपासली आणि सरकारकडून मंजूर करून घेतली.

आणि इथेच सहावा प्रश्न आला, जो स्पॅनरने सुटत नाही. कायद्याचा. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मुळात ठरवलेले तपशील आणि नोंदणी पुस्तकातले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सीएनजी किंवा बॅटरीच्या मंजूर किटची गोष्ट वेगळी, त्याला वाट ठेवली आहे. पण काँटेसात इनोव्हाचं इंजिन, याला वाट नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम असंच वाचलं. रस्त्यावर अशा गाड्या दिसतात हे खरं. पण उद्या अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी इंजिन नंबर बघणार, हेही तितकंच खरं.

याच संदर्भात आणखी एक नियम सापडला आणि माझ्या रिपोर्टचं वजन एका बाजूला झुकलं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर घेऊ शकते. ती रोजच्या वापराला नाही, रॅली-प्रदर्शनासारख्या कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. पण अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल झालेले नसावेत. अमेरिकेत 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात, म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाचंच इंजिन अजून अंगात असणं, त्याला तिकडे मोठी किंमत आहे. आता आपल्याकडेही त्याला अर्थ आला. आमची गाडी २०३७ मध्ये ५० वर्षांची होईल. तेव्हा मी तिशी ओलांडलेली असेन.

राहिला प्रश्न जुन्या इंजिनाचा. ते जिवंत तरी होतं का? १३ वर्षं उभी गाडी. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं, आठवडाभर तसंच ठेवलं, मग हाताने पुली फिरवली. फिरली! त्या दिवशी गॅरेजमध्ये माझ्याकडून सगळ्यांना चहा-भजी. मग बॅटरी लावून कॉम्प्रेशन टेस्ट घेतली. तीन सिलिंडर ठीकठाक, तिसरा मात्र निम्म्यावर. त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं तर आकडा वर गेला. म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत होते आणि दोष रिंग-बोअरचा होता. (आयसी इंजिन्सच्या पेपरात हा प्रश्न दोन मार्कांना येतो. मी तो आता जन्मात विसरणार नाही.)

हेड उघडलं त्या दिवशी आबा पहिल्यांदा गॅरेजमध्ये आले. रिक्षातून उतरले, येताना घरून त्यांची जुनी लाकडी पेटी आणली होती. आत बोअर गेज. मूळ बोअर ७३.०२५ मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंच आणि वर एक अष्टमांश. आबांचे हात हल्ली चहाचा कप धरताना थरथरतात. गेज धरताना थरथरले की नाही ते मी पाहिलं नाही, कारण मी खाली मान घालून वहीत आकडे लिहीत होते. ते आकडे नंतर मशीन शॉपवाल्यांच्या आकड्यांशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळले. तिसऱ्या सिलिंडरला गंजाचे खड्डे होते. "वीस थाऊत निघायचं नाही," आबा म्हणाले, "तीस काढायला लागेल."

त्या रात्री मी रिपोर्ट वाचून दाखवला. तीन कॉलम: भंगार, नवं इंजिन, जुनं इंजिन. मिस्त्री मामांच्या अंदाजाने नव्याचा खर्च साडेतीन लाखांच्या पुढे आणि कागदपत्रं लटकलेली. जुनं बांधायला लाखाच्या आत. पार्ट मिळण्याची काळजी नव्हती, कारण हेच इंजिन ॲम्बॅसडरमध्ये कित्येक दशकं चाललं. पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट सगळं अजून दुकानात मिळतं. काकांनी शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही. "पण चालणार ती ऐंशीच्याच स्पीडने ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरंच होतं. मी तसं रिपोर्टात लिहिलंही होतं.

आबांनी खर्चाचा आकडा विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "ब्लॉकला क्रॅक हाय का?"

"नाही आबा. पाण्याचं प्रेशर देऊन तपासलंय."

"मग बांधा."

एवढंच. अडकित्ता बाजूला ठेवला आणि झोपायला गेले.

इंजिन बांधायला मे-जूनची सुट्टी गेली. तीस थाऊ बोअर केल्यावर मी सहज हिशोब केला, तर १४८९ चे जवळपास १५२० सीसी झाले होते. काकांना म्हटलं, "बघा, ३१ सीसी वाढवून दिले तुम्हाला!" ते हसले नाहीत. पण त्यांचं निम्मं म्हणणं आम्ही ऐकलं. वायरिंग नवं केलं, हेडलाइटला रिले बसवले, ब्रेकच्या सगळ्या नळ्या बदलल्या, रेडियल टायर घातले, सीट बेल्ट लावले. थांबणं, दिसणं आणि जीव वाचणं यात जुनेपणाचा अभिमान बाळगायचा नाही, हे माझं आणि काकांचं एकमत झालं. तरी सांगायला हवं, काका ती गाडी अजून स्वतः चालवत नाहीत. त्यांना हवी होती ती गाडी ही नव्हे.

गाडी सुरू झाल्यावर पहिली फेरी पन्हाळ्याची. बाबा स्टिअरिंगवर, आबा शेजारी, मी मागे. चढाला बाबांनी सेकंड टाकला आणि आमच्या मागे दोन स्कूटर, एक टेम्पो आणि एक वडाप असा ताफा तयार झाला. सगळे हॉर्न वाजवत होते. आबांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी काच खाली केली, कान बाहेर दिला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तिसऱ्याचा टॅपेट वाजतोय." परत आल्यावर मी फीलर गेज घालून तपासलं. तिसऱ्याचाच होता.

या सगळ्याचा अर्थ नवं इंजिन टाकणं वाईट, असा कृपया काढू नका. ज्या गाडीचं मूळ इंजिनच हरवलंय, फुटलंय, तिला दुसरं देऊन जगवणं हे पुण्याचंच काम. आणि ज्या देशात त्याला कायद्याची वाट आहे तिथल्या पोरांचा मला अजूनही हेवा वाटतो. त्यांचे व्हिडिओ मी अजूनही मेसमध्ये जेवताना बघते. मला एवढंच म्हणायचंय की गाडी हॉर्सपॉवरच्या एका आकड्याने कळत नाही. तो आकडा ती कशावर पेलणार, कशाने थांबवणार आणि कुणासाठी धावणार, हे त्याच्या शेजारी लिहिल्याशिवाय तो अर्धाच. आपण होस्टेलवर एकमेकांना पॉइंटर विचारतो ना, तसाच. पॉइंटर नऊ असलेला मनुष्य किती वेळात थांबतो, हे कुठे कोण विचारतं?

असो, उपदेश पुरे. नाहीतर वाचक खरंच कवितांकडे वळतील.

कोल्हापूरला आलात तर जरूर घरी या. आई तांबडा-पांढरा करेल, आबा तुमच्या हातात मायक्रोमीटर देऊन परीक्षा घेतील आणि काँटेसातून पन्हाळ्यापर्यंत फेरी नक्की. फक्त एक विनंती. घाई असेल तर एसटीने जा.